रेसिडेंट इव्हिल ६ ला ४० पैकी ३९ पण मिळाले आणि १० पैकी ४.५ पण, मग खरं काय धरायचं आणि सिक्वेलमध्ये बंदूक द्यायची का?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू आणि तुझे दोन मित्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, तिघांनी मिळून एक छोटा हॉरर गेम केलात, रिकामी चाळ, हातात टॉर्च, मारायला काहीच नाही, नुसतं लपायचं आणि पळायचं. लोकांना आवडला. आता दुसरा भाग करायचा ठरलाय तर एक मित्र म्हणतो यावेळी बंदूक देऊ, नाहीतर लोक म्हणतील तेच ते परत, आणि दुसरा म्हणतो बंदूक दिली की आपला रेसिडेंट इव्हिल ६ होईल, म्हणजे नावाला हॉरर गेम आणि आत नुसता गोळीबार. म्हणून तू तो गेम सेलमध्ये घेऊन पूर्ण खेळलास, तुला आवडला, मग रिव्ह्यू बघितले तर जपानच्या फामित्सू या गेमच्या नियतकालिकाने ४० पैकी ३९ दिलेले आणि गेमस्पॉट या साइटने १० पैकी ४.५, आणि तू पार गोंधळलास.

वय तूच सांगितलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. मी १४ वर्षं पुण्यात लेव्हल डिझाईन करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त हॉररमध्ये गेली. खेळणारा कुठून आत येणार, त्याला आधी काय दिसणार, काय ऐकू येणार, शत्रू कुठल्या दाराआड असणार आणि त्या क्षणाला खिशात किती गोळ्या उरलेल्या असणार, हे ठरवायचं हेच रोजचं काम. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देणार आहे. आणि एक आधीच सांगतो, तुला तो गेम आवडला हे तू अगदी दबकत लिहिलंयस, त्याची काही गरज नाही. त्यात आवडण्यासारखं खरंच खूप आहे.

आता स्कोअरचं बघू. रेसिडेंट इव्हिल ६ आला ऑक्टोबर २०१२ मध्ये. तो करणाऱ्या कॅपकॉम या जपानी कंपनीने त्यावर ६०० च्या वर लोक लावले होते, लिऑन, क्रिस आणि जेक यांच्या तीन वेगवेगळ्या मोहिमा, त्या संपल्या की चौथी एडाची, पहिल्या तिन्ही ऑनलाईन जोडीने खेळता येतील अशा. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्यांच्या रिव्ह्यूंची १०० पैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर, प्लेस्टेशन ३ च्या आवृत्तीची सरासरी ७४ आणि एक्सबॉक्स ३६० ची ६७. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. गेम तोच, तरी सात गुणांचा फरक, का तर दोन्हीकडे मोजलेले रिव्ह्यू वेगवेगळ्या लोकांचे. सरासरी हा आकडा कुणाला विचारलं यावर इतका हलतो, म्हणून मी टीममध्ये नवीन येणाऱ्या पोरांना सांगतो की आकडा बाजूला ठेवा आणि रिव्ह्यू लिहिणारा कुठल्या प्रसंगात वैतागला तेवढी वाक्यं काढून घ्या. कमी गुण देणारे आणि बरे गुण देणारे (आयजीएन या साइटने १० पैकी ७.९ दिले होते) यांचे रिव्ह्यू असे समोरासमोर ठेवले की कळतं, तक्रारी बऱ्याचशा त्याच आहेत, फक्त एकाला त्या चालवून घेण्यासारख्या वाटल्या आणि दुसऱ्याला नाही. ज्याला भरगच्च गेम हवा होता त्याच्या दृष्टीने पैसे वसूल, आणि ज्याला प्रत्येक मिनिटाला पोटात गोळा यायला हवा होता त्याच्या हाती फार काही लागलं नाही. दोघांनीही आपापल्या जागी खरंच सांगितलंय. तेव्हा कुणाचं खरं याचं उत्तर तुला मिळालं तरी ते तुमच्या गेमच्या उपयोगाचं नाही.

विक्रीचंही तसंच. सुरुवातीला जगभर ४५ लाख प्रती बाजारात गेल्या, हा आकडा कुठल्याही स्टुडिओला आनंदाने नाचायला लावेल, पण कंपनीने वर्षाचं उद्दिष्ट ठेवलं होतं ७० लाखांचं, ते आधी ६० वर आणलं, मग ५० वर. म्हणजे अपयश म्हणावं तर तेही अवघड आणि यश म्हणावं तर तेही.

मला तुझ्या मित्रांच्या भांडणात खरा प्रश्न वेगळा दिसतो. पहिल्या भागात भीती वाटली ती अर्धी अज्ञानाची होती. खेळणाऱ्याला माहीत नव्हतं की ती चाळीतली बाई कधी येते, टॉर्चचा उजेड तिला दिसतो का, कपाटात लपलं तर ती उघडून बघते का. दुसऱ्या भागाला तोच माणूस तयारीनिशी येतो, त्याला तुमचे सगळे नियम पाठ असतात. ही अडचण प्रत्येक हॉरर सिक्वेलला असते, लहान मोठा कुठलाही असो, आणि म्हणूनच प्रत्येक टीमला काहीतरी नवीन द्यावंसं वाटतं. द्यावंही. फक्त जे द्याल ते आधीचं काय काय काढून घेतंय हे बघितलं जात नाही, घोडं तिथे पेंड खातं.

म्हणून दोघांनाही सांग की २००५ चा रेसिडेंट इव्हिल ४ बघा. गोळीबार त्यातही भरपूर. झॉम्बी जवळजवळ गेलेच, त्यांच्या जागी स्पेनमधल्या खेड्यातले गनाडो, म्हणजे परजीवीच्या ताब्यात गेलेले गावकरी, आले, कॅमेरा खांद्यामागे आला, बंदुका विकत घ्यायला आणि सुधारून घ्यायला व्यापारी आला. ॲक्शन आली म्हणून हॉरर मेलं हे खरं असतं तर ते तिथेच मेलं असतं. पण त्याच्या गेमक्यूबच्या आवृत्तीची सरासरी ९६ आहे आणि आजही लोक त्यातल्या पहिल्या गावाबद्दल बोलतात.

ते गाव मी किती वेळा खेळलो असेन याची मोजदाद नाही, आणि नवीन लेव्हल डिझायनर आला की त्याला शेजारी बसवून तेच लावतो. लिऑन गावात शिरतो, माणसं आपापल्या कामात आहेत, एकाने बघितलं की सगळे अंगावर. आता नियम बघ. नेम धरला की पाय जमिनीला खिळतात, चालता येत नाही. म्हणजे प्रत्येक गोळी झाडताना तुम्ही हलण्याचा हक्क सोडून देताय. पळून घरात शिरलात तर दारं-खिडक्या अडवायला जड कपाट ढकलता येतं, वर जिना चढलात तर भिंतीवर शॉटगन टांगलेली आहे, जीव जरा भांड्यात पडतो, आणि तेवढ्यात बाहेर चेनसॉ सुरू झाल्याचा आवाज येतो. खिडकीला शिड्या लागतात. शिडी ढकलून पाडता येते, पण तुम्ही या खिडकीशी असताना दुसऱ्या खिडकीतून कोण येतंय हे दिसत नाही. चेनसॉवाला जवळ पोचला की एका घावात मान उडते. शॉटगन मिळाली म्हणून सुटका झालेली नाही, आता गोळ्या इथे घालवायच्या की खाली उडी मारून पळायचं हा नवा प्रश्न उभा राहिलाय. आणि हे सगळं अगदी असह्य होईस्तोवर ताणल्यावर चर्चची घंटा वाजते आणि सगळे हत्यारं टाकून निघून जातात. गावात एकदम शांतता. दिग्दर्शक शिंजी मिकामी आणि त्याच्या टीमने इथे बंदूक भरपूर दिली, पण प्रत्येक गोळीची किंमत आधीच पायात बांधून ठेवली.

आता रेसिडेंट इव्हिल ६. यात नेम धरून चालता येतं, पळता पळता घसरता येतं, लोळण घेता येतं, जमिनीवर उताणं पडून गोळ्या मारता येतात, लाथा-बुक्के तर आहेतच. ही हालचाल खरंच सुंदर केलीय, आणि तुला आवडला तो गेम बहुधा यामुळेच, आजही काही लोक नुसत्या त्या हालचालीसाठी त्यातला मर्सिनरीज मोड (ठरलेल्या वेळात जमतील तितके शत्रू मारायचे) खेळतात. औषधाच्या गोळ्या एका डबीत, बटण दाबलं की एक तोंडात, त्यासाठी बॅग उघडून बसायला नको. पण मग टीमपुढे अडचण आली असणार, असं माझा धंदा मला सांगतो. इतक्या चपळ, इतक्या ताकदवान माणसाला घाबरवायचं कसं? गल्लीत दोन माणसं उभी करून तो घाबरणार नाही. मग शत्रू वाढवा, स्फोट वाढवा, आणि तरी जमेना तर त्याच्या हातातून कंट्रोलच काढून घ्या. कॅमेरा मध्येच खेचून दुसरीकडे वळवला जातो, पडद्यावर अचानक बटण येतं, नाही दाबलं की मेलात. दोरीवर चढायचं तर कंट्रोलरचे दोन ट्रिगर आलटून पालटून दाबत बसायचं. लिऑनच्या पहिल्याच प्रकरणात गाडीत बसून किल्ली शोधायचा प्रसंग आहे, बाहेर झॉम्बी काचेवर आपटतायत आणि आपण लिऑनची नजर इकडेतिकडे फिरवतोय. पहिल्यांदा छाती धडधडते. चुकून मेलात आणि परत तोच प्रसंग आला की त्यात काही उरत नाही, कारण तिथे निर्णय असा काही नव्हताच, फक्त किल्ली कुठे आहे ही माहिती होती आणि ती आता तुम्हाला मिळालीय. कडक रिव्ह्यूंमधली तगमग मला या जागी दिसते. जे हातात होतं त्याला काही मोल नव्हतं, आणि जिथे मोल होतं तिथे हातात काही नव्हतं.

(काही गोष्टी नंतर सुधारल्या हेही सांगायला हवं. डिसेंबर २०१२ च्या फुकट अपडेटमध्ये कॅमेरा मागे घ्यायची सोय आली, एडाची मोहीम पहिल्यापासून उघडी झाली. कॅमेरा अंगावर आल्यासारखा वाटतो ही तक्रार रास्त होती आणि त्यांनी ती ऐकली. तू आज खेळलास तो गेम पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू करणाऱ्यांना मिळालेल्या गेमपेक्षा बरा होता, हाही तुझ्या आणि त्यांच्या मतात फरक पडायचा एक भाग आहे.)

आता तुझा दुसरा मित्र म्हणेल, बघ, मी म्हणत होतो ना, बंदूक नकोच. त्याला ॲम्नेशियाचं उदाहरण दे, ते तुमच्या गेमच्या जास्त जवळचं आहे. २०१० चा ॲम्नेशिया, द डार्क डिसेंट. हत्यार एकही नाही, कंदिलात तेल मोजून, काडेपेट्या मोजून, अंधारात थांबलं की डोकं फिरायला लागतं आणि उजेडात थांबलं की राक्षसाला दिसता. सरासरी ८५. मग २०१३ मध्ये दुसरा भाग आला, अ मशीन फॉर पिग्ज, तो द चायनीज रूम या वेगळ्या टीमने केला. त्यांनी बंदूक दिली नाही. उलट काढूनच टाकलं, तेल गेलं, काडेपेट्या गेल्या, सामानाची बॅग गेली, डोकं फिरणं गेलं, कंदील हवा तितका वेळ चालू. कथा आणि संगीताचं कौतुक झालं, ते मनापासूनचं होतं आणि मलाही तो गेम फार भावतो, पण सरासरी आली ७२ वर आणि तक्रार अशी की यात करायला काही नाही, नुसतं चालत राहायचं. बघ म्हणजे, एका टीमने देऊन देऊन आणि दुसरीने काढून काढून, दोघी एकाच ठिकाणी पोचल्या. खेळणाऱ्याने काय करायचं ठरवलं याने फारसा फरक पडेनासा झाला की भीती पातळ होते, हातात बंदूक असो नाहीतर कंदील.

इथपर्यंतचं एका ओळीत बांधायचं तर, बंदूक द्यायची का हे विचारण्याआधी ती चालवली की खेळणाऱ्याचं काय जातं ते ठरवा, आणि टॉर्चच ठेवणार असाल तर ती पेटवली की काय जातं ते.

माझ्या स्वतःच्या कामातलं सांगतो. आम्ही एका हॉररचा दुसरा भाग करत होतो, पहिल्यात हत्यार नव्हतं, वरून निरोप आला की यावेळी काहीतरी हवंच, तर आम्ही धनुष्य दिलं. जुन्या हॉस्पिटलची लेव्हल होती, मी केलेली, मला अभिमान वाटायचा तिचा. प्लेटेस्टला, म्हणजे गेम बाहेर काढण्याआधी लोकांकडून खेळवून बघतात त्याला, एक मुलगी आली होती, पहिला भाग खेळलेली. मी तिच्या मागे वही घेऊन बसलो होतो. पहिल्या भागाच्या टेस्टमध्ये हेडफोनला कुणी हात लावायचं नाही, पार कानात खुपसून ऐकायचे, कारण पायांचा आवाज कुठून येतोय हे कळलं नाही तर संपलंच. या मुलीने तिसऱ्या वॉर्डात एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि माझ्याशी गप्पा मारत खेळायला लागली. छान खेळत होती, नेम उत्तम, हसत होती, फॉर्मवर गुणही चांगले दिले. मी मात्र घरी गेलो तो झोप लागेना. तिला ऐकायची गरज उरली नव्हती, कारण जे समोर येईल ते बाण मारून पडणार हे तिला कळलं होतं.

आम्ही धनुष्य काढलं नाही. बाणही कमी केले नाहीत, तो पहिला विचार सगळ्यांना सुचतो आणि तो बहुतेक वेळा फसतो, कारण बाण कमी केले की लोक ते साठवून ठेवतात, वापरतच नाहीत आणि शेवटी चाळीस बाण शिल्लक ठेवून गेम संपवतात. आम्ही दोरी ओढल्याचा आवाज मोठा केला आणि शेजारच्या खोलीतल्या शत्रूला तो ऐकू जाईल असं केलं. समोरच्याला मारताना पलीकडच्याला जागं करायचं की नाही हा प्रश्न आता प्रत्येक बाणाला आला. त्यासाठी दारं हलवावी लागली, भिंती हलवाव्या लागल्या, तीन आठवडे गेले. पुढच्या टेस्टला आलेला मुलगा दोरी अर्धी ओढून थांबला, एका हाताने हेडफोन कानावर दाबला आणि दोरी हळूच सोडून दिली. बाण न मारता मागे फिरला. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

हे सगळीकडे असंच लागू पडेल असं नाही. तुमचा गेम ४० मिनिटांचा असेल तर नवीन काही न देताही निभावून जाईल, नवीन जागा आणि नवीन गोष्ट पुरे, कारण नियम पाठ व्हायच्या आत गेम संपतो. पाच-सहा तासांचा करणार असाल तर मात्र काहीतरी बदलावंच लागेल. मोबाईलवर काढणार असाल तर आवाजावर फार भिस्त ठेवू नका, अर्धे लोक बसमध्ये आवाज बंद करून खेळतात. दोघांनी मिळून खेळायचा करणार असाल तर भीतीचं गणित मुळातच वेगळं, शेजारी माणूस असला की धीर येतो, रेसिडेंट इव्हिल ५ आणि ६ दोघांनाही हे भोवलं असं मला वाटतं. आणि तुम्ही तिघं आहात हे विसरू नकोस. बंदूक म्हणजे नुसतं मॉडेल नसतं, गोळी लागल्यावर समोरचा कसा कोलमडतो, कुठे लागली तर लंगडतो, भिंतीला लागली तर काय, रिकामी झाली तर हात कसा चालतो, हे सगळं आलं, आणि ते कच्चं राहिलं की पहिल्या रिव्ह्यूपासून तेवढंच दिसतं.

कॅपकॉमने ६ नंतर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१७ ला ७ आला, प्रथमपुरुषी कॅमेऱ्यातून, म्हणजे आपल्याच डोळ्यांनी बघतोय असा, लुईझियानातल्या एका घरात, एक बेकर कुटुंब आणि आपण. इतका मोठा पसारा एका घरात आणून ठेवायचा म्हणजे केवढी हिंमत! आणि लक्षात घे, बंदूक त्यातही आहे, लवकरच मिळते. फक्त ती जॅक बेकरवर चालवली तरी तो पडतो आणि परत उठतो, म्हणजे गोळ्या घालून तुम्ही फक्त थोडा वेळ विकत घेताय, किती वेळ ते माहीत नाही, आणि तेवढ्यात कुठलं दार गाठायचं ते ठरवायचंय. प्लेस्टेशन ४ वर सरासरी ८६ आली. सुरुवातीची विक्री ६ पेक्षा कमी होती, पण पुढे वर्षानुवर्षं विकला जाऊन तो एक कोटीच्या वर गेला. त्याच्याही रिव्ह्यूंमध्ये तक्रारी होत्या, शत्रूंचे प्रकार कमी, शेवटचा जहाजावरचा भाग सैल. जहाजावर पोचेपर्यंत गोळ्या भरपूर होतात आणि समोर येणारे पडले की पडतात, तुला हे आता ओळखीचं वाटेल.

तर माझं म्हणणं ऐकशील तर मित्रांशी वाद घालणं दोन आठवडे बंद ठेव. तुमच्या चाळीतला फक्त एक जिना घे, करड्या ठोकळ्यांचा, रंग नाही, टेक्श्चर नाही, वर एक खोली, खाली एक. एका बिल्डमध्ये, म्हणजे खेळता येईल अशा कच्च्या आवृत्तीत, टॉर्च दे आणि तिची काहीतरी किंमत ठेव, दुसऱ्यात बंदूक दे, तीन गोळ्या, आणि आवाज झाला की खालची बाई वर येते. हॉस्टेलमधले पाच जण बोलाव ज्यांनी पहिला भाग खेळलाय. त्यांना नंतर काही विचारू नकोस, आवडलं का वगैरे, लोक मित्राला आवडलंच म्हणतात. खेळताना पडद्याकडेही फार बघू नकोस, त्यांच्या हातांकडे बघ. जिन्याच्या वळणावर किती जण थांबले, किती वेळ थांबले, थांबून काय केलं एवढं वहीत लिही. ज्या बिल्डमध्ये ते जास्त थांबतील तो घेऊन पुढे जा, मग त्यात बंदूक असो नसो.

आणि दोन्ही बिल्ड झाले की लिंक इथेच टाक. रविवारी रात्री घरचे झोपले की हेडफोन लावून खेळतो, आणि जिन्याबद्दल सविस्तर लिहितो.